तात्यांचा गांधार

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार. सांगली

शिकवणीचा पहिला दिवस. लेले मास्तरांनी तिसऱ्याच स्वराला थांबवलं. सा झाला, रे झाला, ग म्हटला आणि त्यांचा हात वर. म्हणाले, "जाधव, पुन्हा." पुन्हा म्हटलं. पुन्हा हात वर.

"तुमचा गांधार पडतोय."

पडतोय म्हणजे काय? मी काय शिडीवर चढलो होतो? लढाईत सिग्नलमध्ये होतो. रेडिओची खरखर, त्यात चारजण एकदम ठोकतायत, त्यातून आपली टकटक तेवढी कानानं वेचून काढायची, हे माझं काम. साहेबसुद्धा माझ्या कानाची तारीफ करायचा. आता इथं तारऑफिसात तेच करतो. आणि हा चष्मा नाकावर घसरलेला माणूस मला म्हणतो, गांधार पडतोय!

वर हसत म्हणाले, "चुकणारा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. तुम्ही दर वेळी नेमक्या त्याच जागी चुकता. असं मी अजून पाहिलं नव्हतं."

बुधवारी जायचं नाही असं ठरवलंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

गेलो.

मास्तरांकडे पेटी नाही, नुसता मिरजेचा तंबोरा. म्हणाले, "पेटी लगेच उत्तर सांगून टाकते. मग कान अभ्यासच करत नाही." आज शास्त्र. सप्तक, शुद्ध-कोमल-तीव्र, बारा स्वर, त्यांच्या पोटात बावीस श्रुती. म्हणजे दोन स्वरांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथंही वस्ती असते. हे फार आवडलं. सगळं एका बैठकीत डोक्यात शिरलं, मास्तर खूश.

डोक्याला समजलं. गळ्याला अजून कुणी कळवलेलं नाही. ग पुन्हा पडला.

२४ नोव्हेंबर, रविवार

ही विचारते, "आवं, गावात एवढं गाताय, लोक माना डोलावत्यात. मग हितं येऊन कशाला बोलणी खायची?"

तिला सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो. गावच्या भजनी मंडळात मी लहानपणापासून टाळ धरतो. तात्या, म्हणजे माझे सख्खे चुलते, पेटी वाजवतात आणि पुढं बसून गातात. दिवाळीत मला म्हणाले, "शंकर, आता दम पुरत न्हाई गड्या. औंदा जत्रंत पुढं तू बसायचंस." जत्रेत नदीपलीकडचं मंडळ येतं, भजनाचा सामना होतो आणि मानाचा नारळ गेली कित्येक वर्षं नदीपलीकडंच जातो. आमचा आवाज त्यांच्यापेक्षा दांडगा, पखवाज दांडगा, पाठांतर दांडगं. तरी नारळ तिकडं. का, ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून मी शास्त्र शिकायला निघालो. मला पुढं बसायचंय आणि नारळ आणायचाय. एवढी साधी गोष्ट आहे.

आणि कान असे निघाले.

१ डिसेंबर, रविवार

मास्तरांनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची जाड ती खर्ज, म्हणजे खालचा सा. खुंटी पिळायची, मग खालचा मणी केसभर सरकवायचा, घोडीवर तारेखाली दोरा घालून झणकार उघडायचा. मी खुंटी पिळली आणि तार तुटली. मास्तरांनी दुसरी काढून स्वतःच चढवली. त्याचीच जास्त लाज वाटली.

मग म्हणाले, "खर्जाची तार एकटी छेडा. आणि ऐका. तिच्यात गांधार आहे."

म्हटलं, तिथं तर सा लावलाय.

"लावला सा. वाजतो गांधारही. कुणी वाजवत नाही, आपोआप येतो. तो ज्या दिवशी तुम्हाला ऐकू येईल, त्या दिवशी तुमचा गांधार सुधारेल. तोवर माझ्या सांगण्याचा उपयोग नाही."

मी पुष्कळ वेळ ऐकलं. मला सा ऐकू आला. फक्त सा.

संक्रांतीपर्यंत मुदत दिलीय. तोवर तंबोरा माझा मला जुळवता आला तर राग शिकवणार. नाही आला तर, "जाधव, तुम्ही आनंदाने भजन करा, मी आनंदाने ऐकायला येईन." किती गोड बोलून हाकलतात ही माणसं!

११ डिसेंबर, बुधवार

मास्तरांनी त्यांचा लहान तंबोरा घरी न्यायला दिला. सायकलवरून आणताना पेठेतला हमाल ओरडला, "आरं भोपळा केवढ्याला?" लक्ष दिलं नाही.

सकाळ-संध्याकाळ खर्ज छेडतो. ऐकू येतं ते असं : शेजारची कांडणाची मुसळं, हळदीच्या गाड्यांची चाकं, हिची भांडी. गांधार नाही.

ऑफिसात एकदम उलट. मशीन ठोकतंय ते सा आहे की रे, हेच मनात. एक तार दोनदा मागवून घ्यावी लागली. वरचा साहेब म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

१५ डिसेंबर, रविवार

सा लावला की नुसता प म्हणता येतो. नुसता म म्हणता येतो. मास्तर कुठलाही स्वर म्हणतात, डोळे मिटून ओळखतो, रे-ध कोमलसुद्धा. मास्तर म्हणाले, "इतका तयार कान आणि एकाच जागी खड्डा. मला तुमचं कोडं पडलंय." त्यांनी ग म्हटला की मला तो चढा वाटतो. कानाला टोचतो. त्यांना तसं सांगितलं. रागावले नाहीत, उलट पुढं सरकून बसले. "म्हणजे तुमच्या मनात दुसरा एक गांधार पक्का आहे! तो आला कुठून?"

मला काय ठाऊक. जन्मल्यापासून हाच आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही. आज चिडून तंबोरा भिंतीकडं तोंड करून ठेवला. ही म्हणाली, "त्यानं काय केलंय बिचाऱ्यानं?"

मनात येतं, तात्यांना पोस्टकार्ड टाकावं की पुढं तुम्हीच बसा. पण मग टाळ धरून पुन्हा नदीपलीकडच्यांचा नारळ बघायचा. नाही. कार्ड घेतलं, त्यावर किराणा लिहून काढला.

५ जानेवारी १९४७, रविवार

ऐकू आला! ऐकू आला! ऐकू आला!

सकाळी खोलीत बसलो होतो. ऐकायचा प्रयत्नच करत नव्हतो, ही चहा कधी टाकते याची वाट पाहत नुसती बोटं फिरत होती. खर्ज वाजला, विरत चालला, आणि त्या विरण्यातून एक बारीक आवाज वर आला, स्वच्छ, जणू आतल्या खोलीत कुणी बाई गातेय. मी तार दाबून धरली. गेला. सोडून पुन्हा छेडली. आला! मला वाटलं शेजारून येतोय, उठून दार लावलं. पुन्हा आला. तोच तो, मास्तरांचा, मला टोचणारा. आता टोचला नाही. आता वाटलं, हा इथंच होता आणि मी इतके दिवस दाराबाहेर उभा राहून घर कुठाय विचारत होतो.

त्याच्यात माझा ग मिसळून पाहिला. जुन्या जागी ठेवला की दोघांत थरथर होते, दोन माणसं भांडल्यासारखी. हळूहळू वर सरकवला. थरथर मंद, मंद, आणि बंद. मी गात होतो की तंबोरा, ते कळेना.

ही चहा घेऊन दारात उभी. म्हणाली, "आज तुमच्या गळ्यातनं भांडणाचा आवाज आला न्हाई." हिला मिठीच मारणार होतो, चहा सांडला.

तसाच सायकल काढून मास्तरांकडं. ते पूजेला बसले होते, सोवळ्यात. अंगणातूनच ग लावला. मास्तर घंटी हातात धरून तसेच बाहेर आले. तिथंच ती वाजवली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मास्तरांनी मोठ्या तंबोऱ्याच्या चारी खुंट्या सैल करून तो माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः आत जाऊन बसले. मी जोड लावला, पंचम लावला, खर्ज लावला, मणी सरकवले, दोरा फिरवला. सगळा तंबोरा एकदम भरला. आतून मास्तर ओरडले, "पंचम किंचित चढवा." मी म्हटलं, "नाही मास्तर, बरोबर आहे." मग आवाज, "बरोबर आहे. बघत होतो, ऐकून बदलताय का."

लेलेकाकूंनी तिळगूळ दिला. पहिला राग भूप सुरू. भूपात गांधारच राजा. मी आता त्याच्या दरबारात!

२६ जानेवारी, रविवार. गाव

शनिवारी ऑफिस सुटल्यावर गाडीनं कराड, तिथून मलकापूरवरून चालत गाव. मंडळाला नवा गांधार ऐकवायचा म्हणून अंगात नुसती वीज. देवळात बैठक. तात्यांनी काळी दोनमध्ये सूर दिला, मी पुढं बसलो, आरंभ केला.

गांधारावर आलो आणि सगळे एकदम माझ्याकडं बघायला लागले.

पखवाजावरचा म्हादबा थांबला. टाळ थांबले. तात्यांनी पेटीवर पांढरी पाच दाबून धरली, म्हणजे आमचा ग, आणि म्हणाले, "ह्यो हितं हाय. तू कुठं निगालास?"

पुन्हा म्हटलं. पुन्हा पेटीशी भांडण. मी पेटीकडं बोट दाखवून म्हटलं, "तात्या, पेटीच पडलीय." देवळात असं काही बोलावं का मी? तात्यांनी पेटीचा भाता मिटला, कडी लावली. म्हादबा मात्र बोलला : "बरा हुतास की रं शंकर! सांगलीला जाऊन बेसूर होऊन आलास."

बेसूर. मी!

परतीच्या गाडीत हसूही येईना, रडूही येईना. सांगलीत सुरात, गावात बेसूर. आणि जत्रा सांगलीत नाही, गावात आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांना सगळं सांगितलं. मला वाटलं कपाळाला हात लावतील. मांडीवर थाप मारून हसले. "सापडलं! तुमचा दुसरा गांधार सापडला! अहो, तुम्ही लहानपणापासून त्या पेटीच्या बरोबर गाताय. गाव सगळं त्या एका पट्टीला धरून गातंय." मग एकदम गंभीर. "बाकीचे स्वर नीट आणि एकच पडलेला. पेटी उघडून पाहिलीय कुणी?"

तात्यांची पेटी उघडायची! त्यापेक्षा गुऱ्हाळाच्या जळत्या चुलाणात हात घालावा.

पण नारळ का मिळत नव्हता, ते आज कळलं.

९ फेब्रुवारी, रविवार. गाव

उघडली.

गुऱ्हाळ चालू आहे, आमचाच ऊस. तात्या चुलाणापाशी होते. त्यांच्यापुढं जाऊन सरळ विचारलं, चोरून करणं जमलं नसतं. "तात्या, पेटी उघडून बघू?" ते कढईतल्या रसाकडं बघत म्हणाले, "मोडलीस तर?" म्हटलं, मोडली तर जन्मभर टाळ धरीन, पुढं बसायचं नाव काढणार नाही. "बग मग." तेवढंच.

सैन्यातला स्क्रूड्रायव्हर कामी आला. झाकण काढलं, सुरांची फळी वर उचलली. पितळेच्या बारीक पट्ट्या ओळीनं. पांढरी पाचची पट्टी शोधली. टोकावर काळा कठीण थेंब. आधी वाटलं लाखेचा. नखानं खरवडला, जिभेवर ठेवला.

काकवी!

बसल्या जागी हसत सुटलो. म्हादबाला हाक मारली, त्यानंही चाखली, तोही हसायला लागला. दर साली गुऱ्हाळात भजन होतं, आम्ही सगळे तिथंच बसतो, पेटी कढईच्या शेजारी. कधीतरी उकळत्या काकवीचा शिंतोडा फटीतून आत गेला, वर धूळ नि काजळी बसली, मुंग्यांनाही पत्ता लागला नाही. पट्टीचं टोक जड झालं, सूर खाली बसला. आणि आम्ही सगळं मंडळ, तात्यांपासून टाळकऱ्यांपर्यंत, त्या थेंबाच्या मागं मागं खाली बसलो. देशात असं दुसरं गाव नसेल.

कोमट पाण्यात फडकं भिजवून थेंब पुसला, पट्टी कोरडी केली, फळी बसवली. पांढरी पाच दाबली. तंबोऱ्याचा गांधार! अगदी तोच नाही, केसभर चढाच, पेटीचा तो गुणच म्हणतात मास्तर. पण शेजारी शोभण्याइतका.

तात्या दारात उभे होते. "वाजीव." वाजवली. "परत." परत वाजवली.

"ही माजी पेटी न्हाई," म्हणाले आणि चुलाणाकडं गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहाटे निघताना तात्यांच्या पाया पडलो. पाय मागं घेतले नाहीत.

मी काही चुकीचं केलं नाही. तरी दिवसभर मशीनवर तात्यांचं तेच वाक्य टकटकत होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. गाव

मास्तर म्हणाले, सांगू नका, ऐकवा. म्हणून लहान तंबोरा गाडीतून, मग कराडपासून खांद्यावर. वाटेत एका म्हातारीनं विचारलं, "कुनाचं लेकरू रं, आजारी हाय का?" इतकं घट्ट धरून चाललो होतो.

देवळात सगळे आले, तात्याही आले, पण खांबाला टेकून, लांब. मी कुणाला शास्त्र सांगितलं नाही. तंबोरा जुळवला आणि नुसता खर्ज छेडत राहिलो. मंडळी चुळबुळ करायला लागली. म्हादबा म्हणाला, "ह्याला बटनं कुठं हायीत?"

तात्या उठून जवळ आले. भोपळ्याला कान लावून बसले. पुष्कळ वेळ. मग डोळे न उघडता, "ह्यात कोन गातंय रं?"

म्हटलं, "कुणीच न्हाई तात्या. आपोआप येतंय."

मला जे यायला महिना-सव्वा महिना लागला ते त्यांना एका बैठकीत. त्यांनी हळूच आपला ग लावला, जुना. तंबोऱ्याशी थरथरला. ते थांबले. पुन्हा लावला. पुन्हा थरथर.

"भांडत्यात," म्हणाले.

मग म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं आमी..." मला फार वाईट वाटलं, वाटलं तंबोरा आणलाच नसता तर. शेवटी म्हादबाच म्हणाला, "तात्या, देव कवा उठून गेला न्हाई आपल्या भजनातनं." तात्यांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं, हसले. "त्यो काय जातोय. त्याला पाय कुठं हायीत." माझ्याकडं वळून, "शिकीव."

चुलता पुतण्याला म्हणतोय, शिकीव. मी खाली मान घालून सा दिला.

९ मार्च, रविवार. गाव

पेटी सुधारली, गळे कुठले सुधारायला! पेटी वर, मंडळ खाली. आता दर रविवारी हा तमाशा. पेटी मी बंद करून ठेवलीय, नुसता तंबोरा. एकेकाला शेजारी बसवतो, त्यानं ग लावायचा, बाकीच्यांनी सांगायचं : भांडतंय की न्हाई. हा खेळ लय चढलाय सगळ्यांना. रानातसुद्धा चालतो म्हणे. एकजण मोटेवर गात होता, दुसरा बांधावरून ओरडला, "भांडतंय रं!"

मास्तरांना सांगितलं. म्हणाले, "मला वर्गात जमलं नाही ते तुम्ही मोटेवर करताय."

२३ मार्च, रविवार. गाव

आज पहिल्यांदा सगळे एकदम लागले. मी, म्हादबा, टाळकरी, सगळे. गांधारावर देऊळ भरलं, वर घंटा टांगलीय ती कुणी न हलवता गुणगुणली. खरंच. हात लावून बघितलं, थरथरत होती. अंगावर काटा आला. टाळ खाली ठेवून सगळे एकमेकांकडं बघायला लागलो, पोरं चोरी पकडली गेल्यावर बघतात तसे.

तात्यांनाही लागतो, पण त्यांना तो जपून धरावा लागतो, मनाविरुद्ध. माझ्या ते ध्यानात येतं.

१२ एप्रिल, शनिवार. गाव

उद्या जत्रा. मास्तर आजच माझ्या नि हिच्याबरोबर आले, आमच्याकडं उतरलेत. हिनं पुरण घातलंय. त्यांना गुऱ्हाळाची जागा दाखवली, कढई कुठं, पेटी कुठं. त्यांनी वाकून जमीन पाहिली, तीर्थक्षेत्रासारखी.

भीती वाटते. लढाईत वाटली नव्हती एवढी.

१३ एप्रिल, रविवार. जत्रा

नारळ आमचा!

नीट लिहितो.

तिसऱ्या प्रहरी मांडवात सामना. आधी नदीपलीकडचे. छान गायले, खोटं कशाला बोलू. मग आम्ही. मी पुढं, तात्या पेटीवर, तंबोरा मागं हिच्या भावाच्या हातात. लोक तंबोरा बघून हसले, "आता म्हैफल हुनार." मी डोळे मिटले. सा लावला. मांडवात कुल्फीवाल्याची घंटी, पोरांच्या पिपाण्या. मग आरंभ केला आणि पहिल्याच गांधारावर मागून सगळं मंडळ आलं, एका जागी, भिंतीसारखं उभं. पिपाण्या थांबल्या. मला ऐकू आलं, त्या थांबल्या. नदीपलीकडचे बुवा मांडी बदलून पुढं सरकले. एकदा वाटलं मी गातच नाहीये, ते वर चाललंय आणि मला फक्त धरून ठेवायचंय.

संपल्यावर सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पाटलांनी नारळ माझ्या हातात दिला. मी तात्यांच्या हातात दिला. नदीपलीकडचे बुवा येऊन मला म्हणाले, "औंदा काय केलं रं तुमी?" म्हादबा म्हणाला, "पेटी धुतली." हसून हसून पोट दुखलं.

आता पुढचं.

रिवाजाप्रमाणे शेवटचं एक पद तात्या देवापुढं एकटेच म्हणतात. पेटी नाही, पखवाज नाही, हातात नुसत्या चिपळ्या. त्यांनी म्हटलं. आणि गांधार लावला तो जुना. खालचा. मंडळातले सगळे चमकले. म्हादबा कुजबुजला, "पडला."

मी मास्तरांकडं पाहिलं. वाटलं, आता हे काय म्हणतील. मास्तर पुढं झुकले होते, चष्मा हातात, डोळे मिटलेले. पद संपलं तरी उघडले नाहीत. मग मला म्हणाले, "जाधव, हा कुठला गांधार?"

म्हटलं, "मास्तर, तोच. काकवीचा. पडलेला."

"पडलेला स्वर डळमळतो. हा बसलाय. तिथेच, दर वेळी, आणि आजूबाजूचे सगळे स्वर त्याला जागा करून देतायत. पेटीला काकवी लागली असेल. पण या माणसाने आयुष्यभर त्या जागेवर गाऊन तिथं घर बांधलंय. कोमलही नाही, शुद्धही नाही. मधला." थांबून म्हणाले, "लावा बघू."

म्हटलं, त्यात काय. जन्मापासून तोच लावत होतो. सा धरला, ग लावला.

शुद्ध लागला. तंबोऱ्याचा, लख्ख.

पुन्हा लावला. खाली घ्यायला गेलो, तर थेट कोमलात. पुन्हा. वर. पुन्हा. खाली. मधली जागा सापडेना. ज्या जागेवरून उठायला सगळा हिवाळा गेला, ती जागाच गेली! मास्तर हसायला लागले आणि त्यांना हसताना बघून मलाही हसू फुटलं, नारळाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर.

"मी तुम्हाला तो सोडायला शिकवलं," म्हणाले. "आता तुम्हाला दोन्ही हवेत. पण दुसऱ्यासाठी माझ्याकडे येऊ नका, मला येत नाही."

१४ एप्रिल, सोमवार. गाव

मास्तर सकाळच्या गाडीनं गेले. मी रजा वाढवली.

तंबोरा घेऊन तात्यांकडं गेलो. गोठ्यापुढं बसले होते, नारळ फोडून खोबरं वाटत. म्हटलं, "तात्या, तुमचा जुना गांधार शिकवा." त्यांना वाटलं थट्टा करतोय. नाही म्हटल्यावर खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. "त्यो भोपळा बाजूला ठेव. त्याच्यात माजा न्हाई."

मी म्हटलं, पेटीला पुन्हा काकवी लावू का, सोपं जाईल.

"काकवी नगं. कान दे."

सा लावला. रे लावला. ग म्हटला आणि तात्यांचा हात वर. "वर चाललास." पुन्हा म्हटला. हात वर. "आता लय खाली." ही चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती.

दुपारपर्यंत एकदाच म्हणाले, "हां. ह्यो."

तो कसा लागला ते मला माहीत नाही.